डोहात नसलेली मगर

कासवबाईंच्या घरी पाहुणा आला की चहाच्याही आधी त्याला एक सूचना मिळत असे : न्हाणीघरात गेलात तर निळ्या बादलीत हात घालू नका. निळ्या बादलीत बहुतेक वेळा कासव असे. कधी गळ गिळलेलं, कधी पाठीला तडा गेलेलं, तर कधी बाईंना नुसतंच जरा मलूल वाटलेलं. ही सूचना सासूबाई देत, आणि देताना चेहरा असा करत की पाहुण्याला वाटावं, हे संकट यांच्यावर कालच कोसळलंय. वास्तविक त्याला कितीतरी वर्षं झाली होती आणि बाई बाहेरगावी गेल्या की बादलीतलं पाणी सासूबाईच बदलत. पण ते काही पाहुण्याला सांगण्यासारखं नव्हतं.

बाई पाणथळ संशोधन केंद्रात कामाला होत्या. नाव भारदस्त; केंद्र म्हणजे जुन्या पंपघराच्या माडीवरच्या दोन खोल्या. एकीत जाळी, वजनकाटे आणि रबरी बूट, दुसरीत एक टेबल आणि त्या टेबलाशी कधीमधी येऊन बसणारे साहेब. बाईंचं खरं कचेरीचं ठिकाण म्हणजे डोह. शहर संपतं तिथे नदी एक ऐसपैस वळण घेते आणि त्या वळणात पाणी खोल, संथ होऊन बसतं. शहराच्या अंगाला दगडी पायऱ्या, समोर मऊ मातीचा उतरता काठ. डोहातल्या कासविणी त्या काठावर चढतात, मागच्या पायांनी खड्डा करतात, अंडी घालतात, माती लोटून पोटानं थापतात आणि मागे वळूनही न बघता पाण्यात निघून जातात. आपल्या घरात अशी आई असती तर काही माणसं लवकर मोठी झाली असती, असं बाई नवऱ्याकडे बघत सासूबाईंना ऐकवत. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो चष्मा पुसायला घेई.

पकडलेलं कासव पुन्हा ओळखता यावं म्हणून त्याच्यावर खूण करावी लागते. बाई त्याची पाठ जुन्या दातघासणीनं घासत, फडक्यानं कोरडी करत आणि कडेच्या खवल्यांवर ठिपके देत. ठिपके नेलपॉलिशचे. केंद्राकडून येणारा रंग चार दिवसांत पोपडे धरून निघे. नेलपॉलिश पाण्याला दाद देत नाही, हे भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. ते पुरवायच्या वन्सं. नवऱ्याची ही थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून ब्यूटी पार्लर चालवत असे. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलेल्या सगळ्या रंगांच्या बाटल्या त्या वहिनीच्या पदरात टाकत. त्यामुळे शहरातल्या बायकांनी नाकारलेले रंग लेवून कासविणी ओंडक्यांवर उन्हाला बसत, आणि वन्सं भावाच्या दुकानातली दुर्बीण घेऊन पायऱ्यांवरून त्यांची तपासणी करत. ती बघ माझी जांभळी, म्हणत. पहिला हात वाळायच्या आत दुसरा दिलायस, म्हणून ओघळलंय, असंही म्हणत.

बाईंचा एक नियम होता. माणसांना थापा मारायच्या, मोजमापाला नाही. कासवाची लांबी दोनदा घेऊन जुळली नाही तर त्या तिसऱ्यांदा घेत, भर उन्हात, कुणी बघत नसतानाही. पण बसमध्ये शेजारच्या गृहस्थानं पिशवीत काय आहे असं विचारलं तर सांगत, दगड. पिशवी हलली की म्हणत, ताजे आहेत. केंद्रातले साहेब सारखे डोहावर यायला लागले, तेव्हा कासवांना टायचा वास आवडत नाही असं बाईंनी त्यांना इतक्या गंभीरपणे सांगितलं की साहेबांनी डोह आणि टाय यांपैकी टाय पसंत केला आणि डोहावर यायचे थांबले.

मगरीची पाटी ही अशीच एक थाप.

सुट्टीच्या दिवशी मासे मारायला हौशी मंडळी डोहावर जमत. माशांपेक्षा तुटलेले दोरे आणि गळच मागे जास्त उरत, आणि ते कुठे जात हे निळ्या बादलीला माहीत होतं. बाईंनी आधी सभ्य पाटी लावली, की कृपया गळ टाकू नका, कासवांना इजा होते. एकानं त्या पाटीवर आपला शर्ट वाळत घातला आणि तिच्याखाली बसून दिवसभर गळ टाकला. ते पाहून बाई घरी आल्या, फाटकाला लावून उरलेला लाल रंग आणि पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि त्यावर लिहिलं : सावधान. मगरीचा वावर. चित्र मात्र काढलं नाही. चित्र काढायचं तर कुठल्या जातीची मगर ते ठरवावं लागलं असतं, आणि तिथून मोजमाप सुरू होतं.

त्या नदीत मगर कधीच नव्हती. पण हौशी मंडळी जी गायब झाली ती झालीच. डोह शांत झाला. पुढच्या मोसमात समोरच्या काठावर इतकी घरटी झाली की कुत्र्यांपासून राखण म्हणून त्यांवर टाकायला बाईंना जाळ्या पुरेनात. बाई स्वतःवर बेहद्द खूश झाल्या. इथेच त्यांचं चुकलं, कारण पराचा कावळा व्हायला वेळ लागत नाही आणि इथे तर पर बाईंनीच पुरवलं होतं.

मगर पहिल्यांदा पाहिली वन्संनी. संध्याकाळी पायऱ्यांवर उभ्या असताना पाण्यात काहीतरी लांबुळकं सरकलं. ओंडकाच असणार, पण पाटी वाचून आलेल्या माणसाला ओंडका दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मगर पार्लरमध्ये राहायला आली. भुवया कोरून घेणारं गिऱ्हाईक डोळे मिटून, दोन बोटांनी कातडी ताणून पडलेलं असतं. त्याला ना उठता येतं, ना उलट बोलता येतं. अशा श्रोत्यांसमोर मगर हातभराची बाकाएवढी झाली, बाकाची हातगाडीएवढी. मग चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांना दोन दिसल्या. मग दूधवाल्याचा कुत्रा नाहीसा झाला. तो परत आला तेव्हा त्याची बातमी झाली नाही.

यातलं सगळं बाईंच्या कानावर येत होतं आणि त्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून पोट दुखेपर्यंत हसत होत्या. एकदा वन्संनी त्यांना सरळ विचारलं, की तू रोज तिथे असतेस, तुला कधी दिसली का? तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. बाईंनी चेहरा गंभीर करून सांगितलं की वन्सं, तुम्ही पाहिलीत म्हणजे असणारच. वन्सं इतक्या सुखावल्या की त्यांनी त्या दिवशी एक न उघडलेली बाटली दिली.

आणि मग एके दिवशी केंद्रात पालिकेचं पत्रक येऊन पडलं. डोहातील मगर मऊ मातीवरून वर येऊ नये आणि नागरिकांचं रक्षण व्हावं म्हणून समोरच्या संपूर्ण काठाला काँक्रीटची भिंत आणि वर लोखंडी जाळी बसवण्यात येणार होती. मागणी नागरिकांचीच होती. खाली सह्या होत्या आणि पहिली सही वन्संची होती.

बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. भिंत म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? कासविणींना माती मिळणार नव्हती. कासवं दीर्घायुषी. पुढची कित्येक वर्षं ती ओंडक्यांवर उन्हाला बसलेली दिसली असती, लोक म्हणाले असते, बघा, सगळं ठीक तर आहे. फक्त एकही पिल्लू झालं नसतं. डोहाचा वृद्धाश्रम झाला असता. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, आणि इथे पाय आपला नव्हता याचं बाईंना जास्त लागलं. त्या दिवशी त्यांना हसू आलं नाही आणि जेवणही गेलं नाही.

बाई पालिकेच्या अभियंत्याकडे गेल्या. पाटी मीच लावली, मगर नाही, असं सांगून टाकलं. अभियंता भला माणूस होता. त्यानं पाणी मागवलं आणि म्हणाला की तुमचं प्राणिप्रेम मी समजू शकतो, पण मगरीला वाचवण्यासाठी ती नाहीच म्हणणं बरं नाही. वर्षानुवर्षं जाळ्यात काय काय सापडलं त्याची माहिती बाईंनी पुढे ठेवली. एकदाही मगर नाही, पाऊलखूण नाही, शेपटीचा ओरखडा नाही. म्हणजे चांगलीच सावध आहे, तो म्हणाला. मग मी रोज त्या पाण्यात उतरते, मला कशी काही करत नाही, असं बाईंनी विचारलं. त्यावर त्यानं जरा संकोचून सांगितलं की लोक म्हणतात, ती तुम्हाला ओळखते.

आयुष्यभर बाई आहे ते मोजत आल्या होत्या. नाही ते कसं मोजतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. बाई उठल्या आणि भरल्या सभेत बोलल्या, की पाटी थाप होती आणि ती माझी होती. मग सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे वन्सं बसल्या होत्या, साक्ष द्यायची म्हणून केस नीट बसवून आलेल्या. पाटी खोटी म्हणजे मगर खोटी, आणि मगर खोटी तर ती पाहणारी कोण, हा हिशोब करायला शहराला वेळ लागला नाही. वन्संनी पर्स उचलली आणि कुणाकडेही न बघता त्या निघून गेल्या. मास्तरांनी मात्र उठून सांगितलं की त्यांनी पाहिलेल्या दोन मगरींवर ते ठाम आहेत. भिंतीचा ठराव मंजूर झाला.

वन्संनी वहिनीशी बोलणं टाकलं. भावाकरवी निरोप आला, की कासवांना यापुढे बिनरंगाचीच राहू दे. चष्मेवाल्याला दोन्ही बाजू स्वच्छ दिसत होत्या, म्हणून तो गप्प होता. सासूबाईंनी मात्र निकाल दिला. दोघीही खोटं बोलल्यात, एक पत्र्यावर आणि एक तोंडानं. तोंडातलं उडून जातं. पत्र्यावरचं कुणीतरी वाचतं.

बाईंना ते पटलं. त्या पार्लरमध्ये गेल्या आणि काही न बोलता खुर्चीत बसल्या. वन्संनीही काही न बोलता खुर्चीची पाठ खाली केली, दोरा दातात धरला आणि भुवई कोरायला घेतली, गरजेपेक्षा जरा जोर लावून. डोळे मिटून पडलेल्या बाईंनी माफी मागितली.

वन्संचा दोरा थांबला. "तू मला हसत होतीस."

"हसत होते," बाई म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

वन्संनी दुसरी भुवई पुरी केली, पावडर लावली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनीकडून पूर्ण पैसे घेतले.

काठावर खुणेच्या खुंट्या ठोकायचा दिवस आला. पायऱ्यांवर ही गर्दी. बाई तिथे होत्या, चष्मेवाला दुकान बंद करून आला होता. बाईंनी अभियंत्याला शेवटचं विनवलं. तो कावला होता, उन्हानं आणि बाईंमुळेही. तो म्हणाला की तुम्ही उतरलात तर काही सिद्ध होत नाही, ती तुम्हाला ओळखते. पण दुसरं कुणीही, या गर्दीतलं कुणीही एक माणूस डोह पार करून दाखवू दे, मी खुंट्या परत नेतो.

गर्दी पाण्यापासून एक पायरी वर सरकली. मास्तरांचा गुडघा दुखत होता. अभियंत्याला कागद तपासायचे होते. चष्मेवाला खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला, तेव्हा बाईंनीच त्याचा हात धरला. त्याला पोहता येत नव्हतं आणि चष्मा काढला असता तर समोरचा काठही दिसला नसता. पण त्यानं नाडी सोडली होती, हे बाईंनी मनात ठेवलं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि पार्लरचा अॅप्रन घातलेल्या वन्सं तरातरा पायऱ्या उतरून आल्या. भावाच्या हातात पर्स दिली. कानातलं काढून पर्समध्ये टाकलं. चपला काढून एकीशेजारी एक नीट ठेवल्या. मग बाईंच्या ट्यूबकडे बोट केलं. ट्रकच्या चाकाची काळी ट्यूब, बाई तिच्यावर जाळी ठेवून डोहात ढकलत नेत. वन्संनाही पोहता येत नव्हतं.

वन्सं ट्यूबमध्ये बसल्या, पाय पाण्यात सोडले, आणि बाई ट्यूबचा दोर कमरेला बांधून पोहू लागल्या. मधोमध पाणी गार आणि काळं होतं. वन्संनी ट्यूबची कड अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि त्यांचे ओठ हलत होते. बाईंनी पोहता पोहता हळूच सांगितलं, की वन्सं, घाबरू नका, इथे मगर नाही हो.

"आहे," वन्सं म्हणाल्या. "मी पाहिलीय."

बाई थांबल्या. जागच्या जागी हात मारत त्यांनी वळून बघितलं. त्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. भीती होती, अगदी खरी, हातगाडीएवढी.

"मग आलात कशाला?"

"दोरा लावला की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यांत त्या दिवशी आधीच आलं होतं. ओढ आता, पाय गारठले माझे."

बाईंनी ओढलं. तोंडात पाणी जात होतं. आणि गंमत अशी, की पत्रा त्यांनीच कापला होता, रंग त्यांनीच दिला होता, तरी मागच्या त्या दोन गारठलेल्या पायांसाठी त्यांची नजर भिरभिरत पाण्यावरून फिरू लागली. पलीकडे एक ओंडका होता. तो ओंडकाच आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं.

मधेच वन्सं ताठ झाल्या. ट्यूबपासून चार हातांवर पाण्यातून एक डोकं वर आलं, सुपारीएवढं. मागोमाग पाठीची कड दिसली आणि तिच्यावरचा जांभळा ठिपका. वन्संनी रोखून धरलेला श्वास सोडला.

"रंग उडालाय हिचा," त्या म्हणाल्या. "पार्लरवर ये. नवीन देते."

समोरच्या काठावर उतरताना वन्सं घोट्यापर्यंत मातीत रुतल्या. पायाखाली कागदाच्या कपट्यांसारखं काहीतरी पांढरं लागलं. ती फुटलेल्या अंड्यांची टरफलं होती. पिल्लं कधीच पाण्यात गेली होती. वन्संनी एक टरफल उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि अॅप्रनच्या खिशात ठेवलं. पलीकडून अभियंता ओरडून विचारत होता, आता तरी मगर नाही ना, एकदाचं सांगून टाका.

वन्संनी अॅप्रन झटकला.

"आहे," त्यांनी इकडून ऐकवलं. "पण माझ्यासमोर यायची तिची हिंमत नाही."

पायऱ्यांवर जे हसू फुटलं ते डोहावरून इकडच्या काठापर्यंत आलं. अभियंताही हसला. ज्या मगरीला पार्लरवाल्या बाई पुरे पडतात तिच्यासाठी भिंत बांधायची, असं कागदावर लिहायचं तरी कसं? खुंट्या गाडीत गेल्या. ठराव तूर्त स्थगित झाला, आणि पालिकेत तूर्त या शब्दाला कासवाचं आयुष्य असतं.

बाईंनी मगरीची पाटी स्वतः उपटली. ती निळ्या बादलीवर झाकण म्हणून उपयोगी पडली. पण पाटी गेली तशी हौशी मंडळी गळ घेऊन परत यायला लागली. बाईंचा हात पुन्हा रंगाच्या डब्याकडे जाऊ लागला. डोहात विजेचा मासा, विषारी शेवाळ, असं बरंच काही त्यांच्या मनात येऊन गेलं. सासूबाई नुसत्या बघत होत्या, म्हणून डब्याचं झाकण उघडलं नाही.

तोड निघाली ती वन्संमुळे. एकदा पाण्यात पाय सोडून आल्यावर त्यांना पोहायला शिकायचं होतं, आणि त्यांना शिकायचं म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही. रोज सकाळी, ऊन ओंडक्यांवर येण्याआधी, पायऱ्यांच्या बाजूला बाई त्यांना शिकवू लागल्या. समोरच्या काठाकडे कुणी जायचं नाही, ही एकच अट. चार दिवसांनी पायऱ्यांवर नवी पाटी लागली. लाल रंगात लिहिलं होतं : येथे रोज बायका पोहतात. सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली, हे खरं आहे का असं विचारलं, खरं आहे म्हटल्यावर मान डोलावली आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या. हौशी मंडळी पाटी वाचत, पाण्यातल्या बायका त्यांच्याकडे बघत, आणि मंडळी गळ गुंडाळून घरी जात. मगरीला घाबरून गेलेले परत आले होते. हे परत आले नाहीत.

वन्सं आता ट्यूबशिवाय पोहतात. पण पाण्यात पाय घालण्याआधी त्या रोज शेवटच्या पायरीवर थांबतात आणि वहिनीला विचारतात, आज आहे का?

आज नाही, बाई सांगतात. आणि सांगण्याआधी त्या डोहावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नीट बघून घेतात.